ज्याची बातमी त्याला

माझ्या सासऱ्यांचं नाव एसेनाली. लिहायला हरकत नाही. तोंडाने मात्र मी ते लग्न झाल्यापासून एकदाही घेतलेलं नाही, कारण आमच्याकडे सून ते घेत नाही. मी त्यांना अताके म्हणते, सासूबाईंना एने म्हणते, आणि मेदेरला, म्हणजे नवऱ्याला, राग आला की काहीही म्हणते. गावात माझं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर तिथे कात्री चालते आणि कात्रीहून जास्त माझं तोंड चालतं, पण घराचा उंबरठा ओलांडला की आवाज खाली. सासऱ्यांसमोर सुनेने मोठ्याने बोलायचं नाही, त्यांच्याकडे पाठ करायची नाही, पुरुषांचं बोलणं चाललं असेल तर आपण चहा ओतत राहायचं. मी आजवर पुष्कळ चहा ओतलाय.

दोन वर्षांपूर्वी अताकेंच्या पोटातल्या महाधमनीला फुगवटा आल्याचं कळलं. कळलं तेही योगायोगानेच. मूतखडा असेल म्हणून जवळच्या शहरात, नारिनला, दाखवायला नेलं, तर तिथल्या बाईंनी पोटावरून यंत्र फिरवता फिरवता हात थांबवला आणि आम्हाला तसंच राजधानीला, बिश्केकला पाठवलं. तिथे डॉक्टर साबिरोवांनी जांघेतून आत एक कापडी नळी सरकवली आणि फुगलेल्या जागी आतून बसवली. आता रक्त नळीतून जाणार आणि बाहेरचा फुगवटा हळूहळू आकसणार, असं त्यांनी सांगितलं. घरी सोडताना ते आणखी एक वाक्य बोलले. नळी बसली म्हणजे काम संपलं नाही, दर वर्षी येऊन दाखवायचं, जन्मभर.

आम्ही माना डोलावल्या, घरी आलो आणि मेंढी कापली. गाव जेवलं, पांढऱ्या दाढीवाल्यांनी हात वर करून दुवा दिली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आमच्याकडे अशी आभाराची मेंढी कापली की ते दुखणं मिटलं. त्यानंतर पुन्हा त्याच दुखण्यासाठी डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवाला दिलेले आभार परत मागणं. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं, आणि आम्हाला ते त्यांना सांगावंसं वाटलं नाही. पहिल्या वर्षी तपासणीचं नाव काढलं तेव्हा अताके म्हणाले की झाकलेलं भांडं परत उघडू नये. विषय तिथेच संपला.

दुसऱ्या वर्षी मी चष्म्याचा बहाणा केला. मला बिश्केकला डोळे दाखवायचेत, एकटीने खिंड ओलांडून गाडी नेणं बरं दिसत नाही, तुम्ही दोघं चला. माझे डोळे ठणठणीत आहेत. शहरात पोचल्यावर मेदेरने हळूच सुचवलं की आलोच आहोत तर साबिरोवांना तोंड दाखवू, त्यांना आनंद होईल. अताकेंना ते पटलं. आपण जिवंत आहोत हे पाहून कुणाला आनंद होणार असेल तर तो द्यायला त्यांची कधीच ना नसते.

तपासणी झाली. डॉक्टरांनी मेदेरला आत बोलावलं, एकट्याला. आमच्याकडे रीतच तशी आहे, बातमी वाईट असली की ती रोग्याला सांगत नाहीत, घरच्याला सांगतात. मी बाहेर बाकावर अताकेंच्या शेजारी बसले होते. ते पलीकडच्या अनोळखी माणसाला आपल्या भुऱ्या घोडीची वंशावळ सांगत होते. दार उघडून मेदेर बाहेर आला. तो हसत होता. मेदेर एरवी इतका हसत नाही.

"घोड्यासारखे ठणठणीत आहात," तो वडिलांना म्हणाला.

खरं काय ते मला पेट्रोल पंपावर कळलं. अताके गाडीत झोप काढत होते. नळीच्या कडेने रक्त झिरपत होतं आणि फुगवटा आकसायच्या ऐवजी वाढला होता. पुन्हा जांघेतूनच आणखी एक तुकडा बसवायचा, काम पहिल्यापेक्षा लहान. ते केलं तर माणूस सुखाने पुढची कित्येक वर्षं काढेल. नाही केलं तर फुगवटा कधी फुटेल ते सांगता येत नाही, आणि फुटला तर बहुतेक जण इस्पितळापर्यंत पोचत नाहीत. डॉक्टर दोन आठवड्यांच्या आत या म्हणाले होते.

मी विचारलं, मग आपण घरी कशाला चाललोय?

मेदेर म्हणाला, आत्ता सांगून त्यांचं मन मोडायचं नाही. पहिल्या वेळी काय झालं ते आठवतंय ना, असंही म्हणाला. मला आठवत होतं. शस्त्रक्रियेनंतर अताके तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. घोड्याकडे गेले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत, जेवण तसंच परत यायचं. डॉक्टर म्हणत होते की नळी उत्तम बसली आहे, आणि आम्ही घरात एक मेलेला माणूस सांभाळत होतो. म्हणून मी गप्प बसले. दोन आठवडे आहेत, मेदेर काहीतरी मार्ग काढेल, असं मी स्वतःला समजावलं. दोलोनची खिंड चढताना अताके जागे झाले आणि गाऊ लागले. त्यांचा आवाज वाईट आहे, पण त्या दिवशी तो ऐकवत नव्हता त्याचं कारण वेगळं होतं.

घरी पोचल्यावर मेदेरने एनेंना कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या रडतील आणि नवऱ्याला उद्याच परत पाठवतील. त्या रडल्या, पण डोक्यावरच्या रुमालाला डोळे पुसून म्हणाल्या की वाईट बातमी तिच्या धन्याच्या कानावर घालायची नसते. मन खचलं की दुखण्याला वाट मिळते. आणि बाहेर जाऊन त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली, आमचे हे ठणठणीत निघाले म्हणून मेंढी कापायची आहे.

अशी दुसरी मेंढी कापली गेली. त्या जेवणात मी मांसाचे वाटे नेऊन देत होते. आमच्याकडे हे काम डोळ्यांत तेल घालून करावं लागतं, वयाने आणि मानाने ज्याचा जो वाटा त्यालाच तो गेला पाहिजे, एक हाड चुकलं तर माणसं वर्षभर अबोला धरतात. मेंढीचं डोकं अताकेंच्या पुढे ठेवलं. म्हाताऱ्यांनी हात वर केले. आणि अताके उठून म्हणाले की दोन उन्हाळे ते बायकांसारखे घरात बसले, या वर्षी कळप घेऊन स्वतः जायलूवर जाणार.

जायलू म्हणजे आमचं उन्हाळी कुरण. ट्रक जेमतेम नदीपर्यंत जातो, पुढे घोडा. फोन लागत नाही. तिथे कुणाला काही झालं तर त्याला खाली आणेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. मी मेदेरकडे पाहिलं. तो हाडाला लागलेलं मांस सुरीने सोलत होता, अगदी मन लावून.

पुढचे दिवस मी कसे काढले मला विचारू नका. अताके अंगणात तंबूचे लोकरी नमदे झटकत, खोगिराचे पट्टे ताणून बघत, वाकत, उचलत, आणि त्यांनी काही उचललं की मी हातातलं टाकून धावायचे. ओझं मी उचलते म्हटलं की ते हसायचे. "बालाम, तू माझं म्हातारपण आणायला निघालीस की काय?" म्हणायचे; बालाम म्हणजे माझं लेकरू. रक्तदाबाची गोळी मी सकाळी चहाबरोबर देत होते, तीही त्यांनी बंद केली. ठणठणीत माणसाला गोळी कशाला? त्यांचं काय चुकलं? आम्हीच त्यांना ठणठणीत म्हटलं होतं.

मेदेरला मी रोज विचारत होते. रोज तो उद्या म्हणत होता. मग म्हणाला की जायलूवरून खाली आल्यावर नेऊ.

अशातच दुकानात फोन आला. शेजारची काइरिनसा खुर्चीत बसली होती, तिचे केस एका बाजूने कापून झाले होते. फोन बिश्केकच्या इस्पितळातून होता, तपासणीच्या कागदावर मीच माझा नंबर तिथे दिला होता. परिचारिका वैतागलेली वाटली. खाट राखून ठेवली होती, तुम्ही आला नाहीत, डॉक्टर विचारतायत. आणि मुलाचीही तपासणी त्याच दिवशी होती ना, ती तरी करायची आहे की नाही?

"कुठल्या मुलाची?" मी विचारलं.

"त्यांच्याच. मेदेर लिहिलंय इथे. वडिलांचं असं असलं की मुलांची बघावीच लागते, डॉक्टरांनी सांगितलंय त्यांना."

मी फोन ठेवला आणि काइरिनसाची दुसरी बाजू कापली. ती सरळ आली नाही. तिने आरशात बघून काही म्हटलं नाही, यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते समजा.

मेदेर तबेल्यात खोगीर शिवत होता. मी दार लोटून आत गेले आणि विचारलं, "तुझी कसली तपासणी?"

त्याने दाभण खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

"ज्यांना सांगायला लाज वाटत नाही त्यांनी."

मग तो बोलला. साबिरोवांनी त्याला विचारलं होतं, तुमचे आजोबा कशाने गेले? मेदेरने अभिमानाने सांगितलं. आमच्या घरात ही गोष्ट प्रत्येक पोराला पाठ आहे. आजोबा उलाकच्या खेळात गेले, घोड्यावर, हिसकवायचं असतं ते बकऱ्याचं धड मांडीखाली धरून, खाली पडले तेव्हाही पकड सुटली नव्हती. आणि थोरले चुलते? तेही खोगिरातच. नदी ओलांडून आले, कमरेवर हात ठेवला आणि घोड्याच्या मानेवर कोसळले. गावात अजून म्हणतात की या घरचे पुरुष खाटेवर मरत नाहीत. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्यांना घोड्याने मारलेलं नाही.

इतकी वर्षं आम्ही जे मिरवत होतो ते हे होतं. मेदेर खाली बघून म्हणाला, "एवढा उन्हाळा जाऊ दे, गुलसून. एकच."

"कुणाचा? त्यांचा की तुझा?"

त्याने दाभण पुन्हा उचलला आणि खोगिरात खुपसला. तेव्हा मला सगळं कळलं. वडिलांना सांगितलं की वडील विचारणार, तुझं काय? त्यांचं मन मोडायचं नाही हे खरं होतं, पण त्याच्याआड तो स्वतः लपून बसला होता. मला त्याची चीड आली आणि कीवही आली. मी म्हटलं, तू सांग, नाहीतर मी सांगते. तो म्हणाला की तू सून आहेस, तुझ्या तोंडून हे ऐकलं तर अताके तुला घरात उभी करणार नाहीत. हे त्याने धमकी म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच मी घाबरले.

मी एनेंकडे गेले. त्यांनी माझा हात धरून बसवलं, मायेने बोलल्या, आणि शेवटी तेच म्हणाल्या, की घरातली सुई बाहेर नको. मी म्हटलं, एने, बाहेर कुठे, मी तर घरातल्या माणसालाच सांगायचं म्हणतेय. त्यांनी माझा हात सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं.

सकाळी ट्रक अंगणात लागला. शेजारी निरोपाला जमले, बायकांनी बोर्सोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळून आणले, कुणी घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमीसची, पखाल आणली. तंबूच्या काठ्या चढल्या, नमदे चढले, पिठाची पोती चढली. शेवटी राहिला तुंदुक. तंबूच्या माथ्यावरचं ते लाकडी चाक घरधनीच हाताळतो. अताकेंचा तुंदुक बर्चचा आहे, जुना आणि जड. दोघं पुरुष पुढे झाले, पण अताकेंनी त्यांना हाताने बाजूला सारलं. त्यांनी तो एकट्याने उचलला, छातीपर्यंत नेला आणि ट्रकच्या फळीवर टेकवला.

मग त्यांचा एक हात कमरेवर गेला.

ते तसेच उभे राहिले, फळीला धरून. कपाळावर घाम आला होता. कुणाच्या लक्षातही आलं नाही, लोक टाळ्या वाजवत होते. अताके कसंनुसं हसले आणि घोडीकडे निघाले.

मी ट्रकच्या दारात चढले, किल्ली ओढून काढली आणि खाली उतरून त्यांच्या वाटेत उभी राहिले. समोर, त्यांच्या डोळ्यांत बघत. आवाज दुकानातला निघाला.

"अताके, तुम्ही ठणठणीत नाही. नळीच्या बाजूने रक्त झिरपतंय, फुगवटा वाढलाय. डॉक्टरांनी परत बोलावलं होतं. आम्ही तुमच्याशी खोटं बोललो."

मागून एने म्हणाल्या, जीभ आवर. अताकेंनी आधी मेदेरकडे पाहिलं. मेदेरने मान खाली घातली, आणि ते उत्तर पुरेसं होतं. ते अंगणातल्या चाऱ्याच्या एका पोत्यावर बसले.

"कधीपासून?" त्यांनी मला विचारलं.

"बिश्केकहून आलो तेव्हापासून."

"म्हणजे मेंढी कापली तेव्हा ठाऊक होतं. म्हाताऱ्यांनी हात वर केले तेव्हा ठाऊक होतं."

"हो, अताके."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मेंढीचा वाटा ज्याचा त्याला देता," ते म्हणाले, "एक हाड चुकू देत नाही. आणि माझं मरण तुम्ही आपापसात वाटून घेतलंत. मला त्यातलं काही ठेवलं नाहीत." मग मेदेरकडे वळून ते असं काही बोलले की ते मी इथे लिहिणार नाही. बापाने मुलाला गावासमोर बोलू नये असं ते होतं. मेदेरने ऐकून घेतलं.

मला तिथेच थांबता आलं असतं. नवऱ्याची तेवढी फजिती पुष्कळ झाली होती. पण अर्धं सांगायचं होतं तर तोंड उघडायलाच नको होतं. मी म्हटलं, डॉक्टरांनी मेदेरलाही बोलावलंय. आजोबा आणि थोरले चुलते घोड्यामुळे गेले नाहीत, ते या घराच्या रक्तात आहे.

अताकेंचा राग उतरताना मी पाहिला. एखाद्याच्या हातून दोर सुटावा तसे त्यांचे खांदे सुटले. ते कितीतरी वेळ मुलाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "दुखतंय, बालाम. कमरेत. गाडी काढ."

नारिनला पोट तपासलं. फुटलेलं नव्हतं, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी साबिरोवांशी फोनवर बोलून लगेच ॲम्ब्युलन्स दिली. मेदेरला अताकेंनी आत शेजारी बसवून घेतलं. मी एकटी आमच्या गाडीत मागून निघाले. वाटभर मी त्या पांढऱ्या दारांकडे बघत होते. ती गाडी थांबली तर त्याचा एकच अर्थ होता. खिंडीच्या अलीकडे ती खरंच थांबली. मी हॅन्डब्रेक न ओढताच खाली उतरून धावले, आणि पुढे जाऊन पाहते तर रस्ताभर मेंढ्या. कुणाचा तरी कळप जायलूवर निघाला होता. मी रस्त्यातच खाली बसले आणि त्या मेंढपाळाला इतक्या शिव्या घातल्या की त्याने टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी साबिरोवांनी नळीला वरच्या बाजूने आणखी एक तुकडा जोडला. झिरपणं थांबलं. या खेपेला अताकेंनी डॉक्टरांना बजावलं की जे सांगायचं ते मला सांगा, या मंडळींना नंतर मी सांगेन. डॉक्टर खुर्ची ओढून खाटेशी बसले. पुढे काय, असं अताकेंनी विचारलं, आणि त्यांनी सरळ सांगितलं. नळी लोखंडासारखी कायमची नाही. ती सरकू शकते, पुन्हा झिरपू शकते, आणि माणसाला त्यातलं काही जाणवत नाही. म्हणून आधी महिन्याने, मग सहा महिन्यांनी, मग दर वर्षी बघायचं. गोळी रोज. तंबाखू नाही. तुंदुक दुसऱ्याने उचलायचा. घोड्यावर हळू बसायचं, पण बसायचं. हे सांभाळलं तर तुम्ही म्हातारे होऊन भलत्याच कशाने तरी मराल.

"म्हणजे मी घोडा नाही," अताके म्हणाले. "जुना ट्रक आहे. दर वर्षी खालून बघून घ्यायचा."

डॉक्टर हसले. एने फोनवर हे ऐकून रडल्या आणि मग म्हणाल्या की घरी आल्यावर मेंढी कापू. अताकेंनी त्यांना सांगितलं की मेंढी दर वर्षी कापायची, तपासणी झाल्यावर, आणि निकाल आधी म्हाताऱ्यांना वाचून दाखवायचा. एने काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मेदेरची पाळी होती. तो आत गेला आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर थांबलो. अताकेंना खाटेवरून उठायची परवानगी होती, पण ते माझ्या दंडाचा आधार घेऊन आले होते. बराच वेळ गेला. मग डॉक्टर एकटेच बाहेर आले, दार मागे लोटून घेतलं, आणि सवयीने आमच्याकडे आले. मेदेर कपडे घालतोय, म्हणाले. महाधमनी रुंद झालेली आहे. फार नाही. आज काही करायचं नाही, पण सहा महिन्यांनी परत बघायचं, आणि मग बघतच राहायचं. त्याला तुम्ही सांगता की मी सांगू? ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते आलोच म्हणून गेले.

अताकेंनी माझा दंड घट्ट धरला.

"त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. "एकेचाळीस वर्षांचा आहे. एवढा उन्हाळा जाऊ दे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दोनच दिवसांपूर्वी पोत्यावर बसून सगळ्या गावासमोर मुलाची सालटी काढणारा माणूस हाच होता. आता ते माझ्या दंडाला धरून विनवत होते. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला नाही, कारण डॉक्टरांचं बोलणं कानावर पडल्या क्षणी माझ्याही मनात तेच आलं होतं. मेदेर हसत हसत बाहेर येईल, आपण म्हणू, घोड्यासारखा ठणठणीत आहेस, आणि घरी जाऊ. एवढी साधी गोष्ट होती. मी तोंड उघडलं असतं तर हो म्हटलं असतं, म्हणून उघडलं नाही.

दार उघडलं. मेदेर शर्टाची बटणं लावत आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. आमचे चेहरे काय सांगत होते कोण जाणे.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

मी वाट बघितली. अताकेंची पकड माझ्या दंडावरून सैल झाली. ते बाकावर थोडे सरकले आणि मध्ये जागा केली.

"माझ्यात आहे ते तुझ्यातही आहे," ते म्हणाले. "अजून लहान आहे. बस. त्याच्याबरोबर कसं राहायचं ते मी सांगतो."

मेदेर बसला. मग त्याने लहान आवाजात विचारलं, "दुखतं?"

"नाही," अताके म्हणाले. "म्हणून तर दर वेळी यायचं."